पठारावरचा समुद्र : घरातील मोठ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचे शास्त्र आणि हिशेब

जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाचा छोटा शिलालेख आहे. त्याने दोन पोढी, म्हणजे पाण्याच्या दोन टाक्या, दान दिल्याची ती नोंद. समुद्रापलीकडच्या मुलखाशी नाते सांगणारा हा माणूस, किंवा त्याचे पूर्वज, नाणेघाटासारख्या वाटेनेच वर आले असणार. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला चढत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा सांगते. पुढच्या काळातही कोकणातून वर येणाऱ्या वस्तूंत मीठ आणि सुकी मासळी असेच. मात्र ज्या टाक्या येथे खोदल्या गेल्या त्या गोड्या पाण्याच्या. समुद्र घाट चढून आला तो वाळवून, पोत्यात भरून. जिवंत समुद्र येथे कधी कोणी मागितला नव्हता.

आता तो मागितला जातो. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या गावांत ऐपतदार घरांच्या दिवाणखान्यांत चार-सहा फुटी खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. या विषयातले माझे औपचारिक शिक्षण शून्य. जे काही कळले ते पुस्तकांतून, घरच्या टाकीतून आणि नोंदवहीतून. या लेखात दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, किनाऱ्यापासून एवढ्या दूर समुद्र जिवंत ठेवायचा तर नेमके काय लागते? आणि ते सारे मोजून झाल्यावर तो ठेवावा का?

मोलकरणीच्या हातांपासून पंपापर्यंत

घरात समुद्र ठेवण्याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला नेले. पाणी शिळे होऊ नये म्हणून ते रोज उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाई, आणि हे काम मोलकरीण करी. आज जे काम पंप करतो ते तेव्हा एका बाईचे हात करत होते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्लंडच्या घराघरांत त्याचे वेड पसरले. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीही गॉस यांनी दिली होती.

आपल्याकडे मराठी माणसाला समुद्री मासे काचेआड पाहायला मिळाले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुणे जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली अनेक वर्षे तिथे जात राहिल्या, आणि आज घरात टाकी ठेवणाऱ्या पन्नाशीतल्या बऱ्याच जणांची हौस तिथेच रुजली. पण ते मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी समोर आहे. जुन्नरला ती सोय नाही. इथे समुद्र मिठाच्या पोत्यापासून बनवावा लागतो.

१९६१ च्या सुमारास इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवले आणि हवेचे बुडबुडे सोडले, तर पाणी बऱ्याच अंशी स्वतःच स्वतःला शुद्ध करते. खडक म्हणजे सजावट नव्हे. त्याच्या छिद्रांत राहणारे जिवाणू हा टाकीचा खरा प्राण, हे तेव्हापासून हौशी मंडळींना उमगले.

वजन आणि जागा

उदाहरण म्हणून सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी घेऊ. तिचे आकारमान २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्याने केवळ पाण्याचेच वजन ७०० किलोच्या आसपास जाते. बारा मिलिमीटर जाडीच्या काचेचे सव्वाशे किलो. खडक, वाळू, लोखंडी घोडा आणि खालची दुसरी टाकी धरली की बेरीज एक टन ओलांडते. हा भार पडतो केवळ बारा चौरस फुटांवर, म्हणजे दर चौरस मीटरला ९०० किलोपेक्षा जास्त. घराच्या स्लॅबचे गणित मात्र साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर वापरभार धरून केलेले असते. भिंतीलगत, तुळईच्या वर टाकी ठेवली तर भार वाटला जातो हे खरे. पण वरच्या मजल्यावर एवढी टाकी ठेवण्याआधी इंजिनिअरला विचारावेच. जुन्नरच्या जुन्या वाड्यांतल्या लाकडी माळवदावर तर तिचा विचारही करू नये. तळमजला आणि शहाबादी किंवा कोब्याची जमीन, हीच योग्य जागा.

जागा निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन टाकीवर येता कामा नये. त्याने पाणी तापते आणि शेवाळ माजते. दुसरे म्हणजे घोड्याची पातळी. एका टोकाला पाच मिलिमीटर फरक राहिला तरी सांध्यांवर कायमचा ताण येतो. घोडा आणि काच यांच्यामध्ये थर्माकोलचा थर घालण्याचे कारण हेच.

समुद्र म्हणजे खारट पाणी नव्हे

घरात समुद्र करायचा तर लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालावे, असे अनेकांना वाटते. आकडा बरोबर आहे, पदार्थ चुकीचा. खाण्याचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे १९.३ ग्रॅम क्लोराइड आणि १०.८ ग्रॅम सोडियम असते. पण त्यासोबत २.७ ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम कॅल्शियम व पोटॅशियमही असते. शिवाय कितीतरी मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. माशाचे रक्त, कालवाचा शिंपला, प्रवाळाचा सांगाडा हे सारे या प्रमाणावर उभे आहे.

हे प्रमाण जगभर जवळजवळ सारखे असते, ही विज्ञानातली सुंदर गोष्ट आहे. १८१९ मध्ये अलेक्झांडर मार्से यांनी तसा अंदाज बांधला. पुढे ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत गोळा झालेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये तो अंदाज पक्का केला. खारटपणा कमी-जास्त होतो, पण क्षारांचे परस्परप्रमाण बदलत नाही. म्हणूनच कारखान्यात तयार झालेले समुद्री क्षारमिश्रण वापरून जुन्नरमध्ये अरबी समुद्र करता येतो. आपल्या टाकीला सुरुवातीला २५ ते २७ किलो मिश्रण लागते.

मीठ कितीही चांगले घेतले तरी ते कोणत्या पाण्यात विरघळवायचे, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडचे बोअरचे पाणी काळ्या खडकातून येते; ते जड असते, आणि द्राक्षे, टोमॅटो, कांदा, ऊस पिकवणाऱ्या पट्ट्यात खतांचे नायट्रेटही त्यात उतरते. हे पाणी टाकीत घालणे म्हणजे शेवाळाला खत घालणे. म्हणून आरओ यंत्र लागते. ते एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते. सातशे लिटरची टाकी भरायला म्हणजे दोन हजार लिटरहून जास्त पाणी लागते. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी धरणे ज्या दोन तालुक्यांत आहेत, त्याच जुन्नर तालुक्यात आणे पठारावर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. त्यामुळे हा आकडा मी मुद्दाम लिहून ठेवतो. बाहेर पडणारे पाणी पिंपात धरून धुण्या-पुसण्याला वापरणे ही किमान अट आहे.

आंबेगावच्या पश्चिम भागाकडे, भीमाशंकर-आहुपे परिसरात, याहून सोपा उपाय आकाशातूनच येतो. पावसाचे पाणी जवळपास क्षाररहित असते. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यावेत, मग स्वच्छ स्लॅबवरचे किंवा कौलांवरचे पाणी झाकणाच्या टाकीत साठवावे. पत्र्याचे छप्पर मात्र टाळावे. त्यावरचे जस्त पाण्यात उतरते आणि कोळंबी, शंख यांसारख्या जिवांना जस्त व तांबे अगदी थोडेही सोसत नाही.

बाष्पीभवन ही पठारावरची दुसरी गोष्ट. पाणी उडते, मीठ उडत नाही. माझ्या नोंदीत एप्रिल-मेमध्ये सहा फुटी उघड्या टाकीतून रोज चार ते आठ लिटर पाणी कमी होते. दहा दिवस दुर्लक्ष केले आणि सत्तर लिटर उडाले, तर ३५ चा खारटपणा जवळजवळ ३९ वर जातो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या शुद्ध पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने कधीही नाही. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा.

न दिसणारे रहिवासी

टाकी भरली की मासे आणायची घाई होते. पण त्याआधी जिवाणूंची वसाहत बसावी लागते. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य असते. ही प्रक्रिया जिवाणूंची आहे, हे १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यांनी मातीचा अभ्यास करताना दाखवले. कांद्याच्या वाफ्यात खताचे जे होते, तेच टाकीत होते. फरक इतकाच की वाफ्यातले नायट्रेट पीक उचलते; टाकीतले उचलायला कोणी नसते, म्हणून पाणी बदलावे लागते.

ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नको; चिमूटभर माशांचे खाद्य किंवा मोजून अमोनिया टाकावा. तपासणी संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, नायट्रेट दिसू लागले, की टाकी तयार. जिवाणूंना राहायला छिद्रे हवीत. आपला ठोकळ काळा पाषाण यासाठी फारसा कामाचा नाही, कारण तो घट्ट असतो. सच्छिद्र सिरॅमिकचे कृत्रिम खडक वापरावेत. समुद्रातला प्रवाळखडक का नको, हे पुढे येईलच.

समुद्राची कामे करणारी यंत्रे

टाकीखालच्या घोड्यात दुसरी छोटी टाकी असते. हौशी लोक तिला संप म्हणतात. वरचे पाणी काठावरून संपमध्ये उतरते, गाळले जाते आणि पंपाने परत वर चढते. इथे एक साधे गणित विसरून चालत नाही. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे पाणी काही काळ खाली येत राहते. आपल्या टाकीत पाण्याची एक इंच उंची म्हणजे एक घनफूट, म्हणजे २८ लिटर. पातळी दीड इंच उतरणार असेल तर संपमध्ये ४२ लिटरची मोकळी जागा राखलीच पाहिजे. नाहीतर समुद्र दिवाणखान्यात येतो. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक छोटे भोक ठेवले की नळीतून उलटे ओढले जाणारे पाणी थांबते.

संपमधले मुख्य यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. किनाऱ्यावर लाटा फुटतात तेव्हा पिवळसर फेस साचतो, तो पाण्यातली सेंद्रिय घाण वेगळी काढत असतो. स्किमर तेच करतो : बारीक बुडबुड्यांवर घाण चिकटते, फेस वर चढून कपात साठतो आणि आठवड्यातून दोनदा आपण तो ओतून टाकतो. लाटांच्या जागी टाकीच्या दोन टोकांना प्रवाह निर्माण करणारे दोन पंप बसवतात.

या पंपांचे महत्त्व पठारावर जास्त आहे, कारण इथे प्राणवायू मुळात कमी. २५ अंशांना समुद्रसपाटीवरच्या समुद्रजलात लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात ८.२. जुन्नरच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी कमी, म्हणून इथे तो आकडा ६.२ च्या आसपास येतो. पाणी ३० अंशांवर गेले की आणखी घट होते. किनाऱ्यावरच्या पुस्तकांत जेवढे मासे सुचवलेले असतात, त्यापेक्षा कमी मासे पठारावर ठेवावेत, असे माझे मत या हिशेबावर आधारलेले आहे.

तापमान २४ ते २७ अंशांत राखायचे असते. पौष-माघात जुन्नरच्या थंडीत हीटर लागतो, वैशाखात थंड करणारे चिलर यंत्र. मात्र पठाराची कोरडी हवा इथे मदतीला येते. एक लिटर पाणी उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. म्हणजे तत्त्वतः सव्वा लिटर पाणी उडाले की सातशे लिटरचे तापमान एक अंशाने उतरते. माठाचेच हे शास्त्र. पाण्यावर वारा सोडणारे दोन छोटे पंखे मुंबईच्या दमट हवेत जेवढे काम देत नाहीत तेवढे जुन्नरला देतात. किंमत मोजायची ती पाण्यात.

आणि वीज. गावाकडे ती जाते, वळवाच्या पावसात तर तासन्‌तास जाते. प्रवाह थांबला की आधी प्राणवायू संपतो, नंतर जिवाणूही मरू लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या घरगुती इन्व्हर्टरवर केवळ २० वॉटचा एक प्रवाहपंप जोडला, तर अख्खी रात्र सहज निघते. चिलर, दिवे, स्किमर त्यावर जोडू नयेत. संकटकाळी टाकीला फक्त श्वास हवा असतो.

कोणाला आणायचे

यंत्रे दुकानात मिळतात. जिवांची गोष्ट वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००१ मध्ये त्याच्या सूचीत खडकी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही शंख-शिंपल्यांचा समावेश झाला. म्हणून समुद्रातला जिवंत खडक किंवा प्रवाळाचा तुकडा विकणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो. हा नियम कागदी नाही. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा त्यासाठीही वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली आणि काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकडे गेले. मालवणच्या पाण्यात, विजयदुर्गपासून दूर खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेवर आपल्याच राज्यातले प्रवाळ आहेत. त्यांना दिवाणखान्यात आणण्याची गरज नाही.

प्रवाळ नाही म्हटल्यावर एक फायदाही होतो. प्रवाळाला तीव्र प्रकाश लागतो. केवळ माशांच्या टाकीला ६० वॉटचे एलईडी पुरतात. माझा हिशेब असा : मुख्य पंप ५० वॉट, प्रवाहपंप ४० वॉट आणि स्किमर २५ वॉट हे चोवीस तास, दिवे आठ तास, बेरीज रोज सव्वातीन युनिट, महिन्याला शंभराच्या आत. उन्हाळ्यात ३०० वॉटचा चिलर आठ तास चालला तर आणखी सत्तर.

माशांबद्दल विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसून जन्माचा आहे : हा समुद्रातून पकडला की हौदात जन्मला? बाजारातले बहुसंख्य समुद्री शोभिवंत मासे आजही प्रवाळखडकांतून पकडलेले असतात, आणि आग्नेय आशियात ते सायनाइडने गुंगवून पकडण्याची प्रथा १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. असा मासा वरून तजेलदार दिसतो आणि काही आठवड्यांत मरतो. क्लाऊनफिश मात्र हौदात वाढवता येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र आपल्या देशात विकसित केले, आणि महाराष्ट्रात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही त्याचे संवर्धन होते. हौदातल्या जोडीला पहिल्या दिवसापासून कोरडे खाद्य खाण्याची सवय असते. नीट सांभाळली तर ती वीस वर्षेही जगू शकते, म्हणजे घरातल्या मुलांची शिक्षणे होऊन जातील. नवा मासा आणला की चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा; पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला तर सगळ्यांना घेऊन जातो.

मागे काय उरते

दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे, म्हणजे सत्तर लिटर. वर्षाला अठराशे लिटर खारे पाणी आणि साठ किलोंहून जास्त मीठ. हे कुठे जाते, हे मी भेटलेल्या बहुतेक टाकीमालकांना कधी विचारावेसे वाटले नव्हते. परसात ओतले तर सोडियम काळ्या मातीचा पोत बिघडवते. गटारात ओतले तर शेवटी कुकडीत किंवा घोड नदीत. दोन्ही तालुक्यांचे सारे पीक ज्या गोड्या पाण्यावर उभे आहे, त्यात आपण थेंबाथेंबाने समुद्र कालवतो. मी कोकणातल्या मिठागराचा धडा गिरवतो : गच्चीवर जाड प्लास्टिकच्या उथळ वाफ्यात पाणी सोडायचे. एक चौरस मीटरच्या वाफ्यात सत्तर लिटर म्हणजे सात सेंटिमीटर उंची. उन्हाळ्यात नऊ-दहा दिवसांत ते वाळते आणि मीठ खरवडून कोरड्या कचऱ्यात देता येते. पावसाळ्यात हे जमत नाही. म्हणून त्या चार महिन्यांत खाद्य मोजून घालावे, म्हणजे पाणी कमी बदलावे लागते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. समुद्राला पंप लागत नाही, कारण त्याला वारा आणि चंद्र आहेत. त्याला चिलर लागत नाही, कारण तो खोल आहे. त्याला गाळणी लागत नाही, कारण तो अफाट आहे. टाकीतली सारी यंत्रे एकाच गोष्टीची भरपाई करत असतात : लहानपणाची. म्हणून या छंदात मोठी टाकी छोटीपेक्षा सांभाळायला सोपी, आणि कोणतीही टाकी समुद्रापुढे नाजूक. ही भरपाई कोणी ना कोणी करतच असते. ॲना थिनच्या घरी मोलकरीण करत होती. आपल्याकडे वीज करते, आरओचे पाणी करते, आणि हिशेब न ठेवल्यास शेजारची माती करते.

माझे उत्तर असे. तळमजल्यावर जागा आहे, पावसाचे पाणी साठवता येते किंवा आरओचे टाकाऊ पाणी वापरात येते, वापरलेले मीठ वाळवण्याची सोय आहे, मासे हौदात जन्मलेले आहेत आणि घरातले एक माणूस रोज अर्धा तास द्यायला तयार आहे, या पाच गोष्टी असतील तर पठारावर समुद्र प्रामाणिकपणे ठेवता येतो. यांतली एकही कमी असेल तर गोड्या पाण्याची टाकी लावावी. आपल्या नद्या-ओढ्यांतले छोटे मासे कमी देखणे नाहीत, आणि त्यांच्यासाठी मीठ घाट चढून आणावे लागत नाही.